कृष्णकमळाचं कुळ फुलाशिवाय कसं ओळखायचं? आणि फुलातला कोणता भाग कोणता?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. आमच्या निसर्गगटासाठी पॅसिफ्लोरेसी कुळावर एकपानी टिपण करायचं आहे. वाचणारे बहुतेक शाळांतले शिक्षक आणि हौशी वनस्पतीप्रेमी आहेत, म्हणून माहिती काटेकोर हवी, पण हातात वेल धरून पडताळता येईल अशी. काही ठिकाणी अडलंय.

कृष्णकमळाचं फूल दाखवताना 'शंभर कौरव, पाच पांडव' सगळेच सांगतात आणि पुढे त्या जांभळ्या तंतूंना सर्रास पुंकेसर म्हटलं जातं. ते पुंकेसर नाहीत एवढं माहीत आहे. पण फूल कापून दाखवायचं तर खालून वर कोणता भाग कोणत्या क्रमाने येतो?

दुसरं, वेलीवर फूल नसेल तर भोपळ्याच्या किंवा द्राक्षाच्या कुळातल्या वेलीपासून ती वेगळी कशी सांगायची? बागेत लावलेल्या आणि रानात पसरलेल्या जाती फक्त पानांवरून ओळखता येतात का?

तिसरं, नव्या पुस्तकांत बागेतली पिवळी टर्नेरासुद्धा याच कुळात घातलेली दिसते. तिला ना ताणे, ना ते तंतू. मग साम्य कशात?

आणि एक प्रश्न गटातल्या वाचकांचा: गच्चीवर पॅशन फ्रूटची वेल फुलांनी भरते, पण फळ धरत नाही. याचं कारण फुलाच्या रचनेतच असेल तर तेही टिपणात घेता येईल.

---

किंजल्क

फुलापासून सुरुवात करू. पॅशन फ्रूटचं किंवा निळ्या कृष्णकमळाचं, त्याच दिवशी उमललेलं फूल घ्या. नवं ब्लेड आणि दहापटीचं भिंग पुरेसं आहे. देठ खाली धरून फुलाचे मधोमध उभे दोन भाग करा. आडवा छेद आधी घेऊ नका, त्यात मधुकक्षाची, म्हणजे मध साठण्याच्या खोलीची, रचना चिरडते आणि मग काहीच लागत नाही.

सगळ्यात खाली तीन छदे दिसतील, म्हणजे फुलाच्या बुडाशी असलेली छोटी पानं. पॅशन फ्रूटमध्ये ती ठळक, हिरवी आणि दातेरी कडेची असतात. त्यांनाच संदले, म्हणजे फुलाची बाहेरची दले, समजण्याची चूक फार होते. त्यांच्या वर उथळ पेल्यासारखा भाग आहे, त्याच्या काठावर पाच संदले आणि पाच प्रदले, म्हणजे पाकळ्या, बसलेली असतात. वरून पाहिलं तर दहाही सारखीच रंगीत वाटतात आणि 'दहा पाकळ्या' असं लिहिलं जातं. फूल उलटं करा. ज्यांची पाठ हिरवी आणि टोकाच्या किंचित खाली बाकदार काटा आहे ती संदले. ज्यांना तो नाही ती प्रदले.

त्यांच्या आत ते तंतू. हे तोरण, इंग्रजी पुस्तकांतला कोरोना. तंतूंच्या एकापेक्षा जास्त ओळी असतात. बाहेरच्या एकदोन ओळी लांब आणि रंगीत, आतल्या आखूड. ती पेल्याच्या आतल्या बाजूची वाढ आहे. तंतूंवर परागकोश नसतात, त्यांना कीटक बोलावण्याचं आणि उतरण्याची जागा दाखवण्याचं काम असतं. त्यांची संख्या शंभरावर अडून राहत नाही. जातीनुसार आणि फुलागणिक ती कमीजास्त होते, तेव्हा टिपणात आकडा ठोकून लिहू नका.

तोरणाच्या आत एक पातळ पडदा मधल्या दांड्याकडे झुकलेला दिसेल. हे झाकण, ऑपर्क्युलम. त्याच्या खाली मध साठतो. दांड्याच्या बुडाशी आणखी एक बारीक कंगोरा असतो, त्याला लायमेन म्हणतात. झाकण आणि कंगोरा मिळून मधाची खोली जवळजवळ बंद करतात. झाकण उचलण्याइतका मोठा कीटकच आत तोंड घालू शकतो, आणि फळ का धरत नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

मधोमध उभा दांडा आहे त्याला अँड्रोगायनोफोर म्हणतात. पुंकेसर आणि किंजपुट (ज्याचं पुढे फळ होतं) या दोघांना एकत्र उचलून धरणारा असा दांडा वनस्पतींत फार सर्रास सापडत नाही. त्यावर पाच पुंकेसर. परागकोश मध्यावर टेकलेले, काडीने ढकलले की सहज डोलतात, आणि परागाचं तोंड खाली तोरणाकडे असतं. हे आपले 'पाच पांडव'. त्यांच्या वर किंजपुट आणि त्यातून निघालेले तीन किंजल, प्रत्येकाच्या टोकाला फुगीर किंजल्क.

आता दुसरं फूल घेऊन किंजपुट आडवं कापा. पाकळ्या गळून साधारण सेंटीमीटरभर वाढलेलं कोवळं फळ घेतलंत तर आणखी सोपं. आत एकच कप्पा दिसेल आणि बीजकं, म्हणजे पुढे बिया होणारे कण, भिंतीला तीन रेषांत चिकटलेली असतील. हा तटलग्न बीजकविन्यास. टिपणात एकच आकृती घालायची असेल तर हीच घाला. तोरण डोळ्यात भरतं खरं, पण कुळाच्या सगळ्या शाखांत टिकून राहिलेली खूण ही आहे.

---

सह्यवेल

किंजल्कताईंनी फुलाचं सविस्तर लिहिलंच आहे. मी पानांकडे येतो, कारण वर्षातले बरेच महिने हाताशी तेवढंच असतं.

पहिली तपासणी ताण्याच्या जागेची. कृष्णकमळाचा ताणा पानाच्या बगलेतून निघतो, म्हणजे देठ आणि खोड यांच्या बेचक्यातून, आणि तो एकच असतो, फाटे फुटत नाहीत. भोपळ्याच्या कुळात ताणा देठाच्या बाजूला असतो आणि बऱ्याच जातींत त्याला दोनतीन फाटे असतात. द्राक्षाच्या कुळात तो पानाच्या बरोब्बर समोर, खोडाच्या पलीकडच्या अंगाला येतो. या एका तपासणीत बहुतेक गोंधळ मिटतो. फक्त रोप कोवळं नसावं. बियांपासून आलेल्या रोपाला सुरुवातीच्या पेरांवर ताणेच नसतात, आणि पॅशन फ्रूटच्या रोपाची पहिली पानं अखंड असतात, त्रिखंडी नसतात. रोपवाटिकेतलं लहान रोप पाहून जात ठरवू नये.

दुसरी तपासणी देठावरच्या प्रपिंडांची, म्हणजे रस पाझरणाऱ्या ग्रंथींची. देठावर अंगठा फिरवा, पात्याच्या जवळ किंवा मध्यावर दोन बारीक गाठी लागतील. भिंगाखाली त्या वाटीसारख्या दिसतात आणि कोवळ्या पानांवर त्यात गोड थेंब असतो. मुंग्या त्यासाठीच येतात. भोपळ्याच्या कुळात बहुतेक जातींच्या देठावर अशी जोडी नसते; दुध्या भोपळ्याला मात्र देठाच्या टोकाशी असते.

तिसरी, उपपर्णांची, म्हणजे देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना असलेल्या छोट्या पानांसारख्या भागांची. इथे जाती वेगळ्या करता येतात.

पॅशन फ्रूट, म्हणजे पॅसिफ्लोरा एड्युलिस: पान त्रिखंडी, कडा दातेरी, वरून तकतकीत, पात्याला लागूनच दोन प्रपिंड, उपपर्णे अगदी रेषेसारखी. पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा या जातीचं पानही त्रिखंडी आणि दातेरी, उपपर्णे बारीक, म्हणून दोन्हींत घोटाळा होतो. तिचं पान पॅशन फ्रूटइतकं तकतकीत नसतं. ती अमेरिकेच्या आग्नेय भागातली आहे, तिथल्या थंडीत जमिनीवरचा भाग मरतो आणि मुळांपासून नवे फुटवे येतात.

सिरुलिया, निळं कृष्णकमळ: पान बहुधा पाच खंडांचं, कडा सरळ, उपपर्णे मोठी, पानासारखी. क्वाड्रँग्युलारिस: खोड चौकोनी आणि कोपऱ्यांना पंख, पान मोठं अखंड, देठावर प्रपिंडांच्या तीन जोड्या. ही डोळे मिटूनही ओळखता येते.

सह्याद्रीत बाहेरून येऊन रुळलेली एक पांढऱ्या फुलांची आहे, सबपेल्टाटा. पान त्रिखंडी, पण कडा सरळ, पाठ राखट आणि उपपर्णे मोठी. सुबेरोसाचं जुनं खोड बुचासारखं भेगाळतं, पानाचा आकार एकाच वेलीवर बदलत राहतो आणि फळ वाटाण्याहून थोडं मोठं, जांभळट काळं. तिच्या फुलात प्रदलेच नसतात, फक्त पाच हिरवट संदले आणि तोरण.

आणि रस्त्याकडेची वेलघाणी, फोएटिडा. हिच्यावर देठाच्या प्रपिंडांची कसोटी लावू नका, कारण त्या वाटीसारख्या गाठी हिच्या देठावर नसतात. तिच्या जागी सगळ्या अंगावर चिकट, टोकाला गोळी असलेले केस आणि चुरगळल्यावर उग्र वास. छदे धाग्यांसारखी चिरलेली, फळाभोवती हिरवी जाळी करून बसलेली. ही जाळी एकदा पाहिली की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही.

---

पाऊलवाट

दोघांचेही आभार, ताण्याची जागा हा मुद्दा टिपणात सगळ्यात वर घेते. वेलघाणीच्या त्या जाळीबद्दल थोडं अधिक सांगाल का? ती कीटक खाते असं काही ठिकाणी वाचलं.

---

किंजल्क

जाळीच्या चिकट टोकांना लहान कीटक अडकून मरतात हे कोणीही भिंगाखाली पाहू शकतं. १९९५ साली बंगळुरूच्या संशोधकांनी 'जर्नल ऑफ बायोसायन्सेस'मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. छदे कळी आणि फळाचं रक्षण करतात, शिवाय अडकलेल्या कीटकांचं पचन होऊन त्याचा काही अंश वनस्पतीला मिळतो, असं त्यांनी मांडलं. तरी तिला घटपर्णी किंवा दवबिंदू (ड्रॉसेरा) या कीटकभक्षी झाडांच्या पंक्तीला बसवू नये. त्या झाडांची पानं सापळा म्हणूनच घडलेली आहेत. इथे मुख्य काम राखणीचं आहे. टिपणात 'कीटकभक्षी' न लिहिता 'कीटक अडकवणारी चिकट छदे' लिहा.

---

नोंदवही

टर्नेराबद्दल.

पूर्वी टर्नेरेसी हे वेगळं कुळ होतं. फुलझाडांच्या रेणवीय, म्हणजे डीएनएवर आधारलेल्या, वर्गीकरणाच्या (एपीजी) २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते पॅसिफ्लोरेसीत विलीन झालं, दक्षिण अमेरिकेतलं मॅलेशर्बिएसीही सोबत आलं, आणि २०१६ च्या चौथ्या आवृत्तीत हीच मांडणी कायम राहिली. या विस्तारित कुळात सुमारे १,००० जाती येतात, त्यातल्या पाचशेहून अधिक एकट्या पॅसिफ्लोरा प्रजातीत. जुनी पुस्तकं दोन कुळं देतात, तर टिपणात कोणती मांडणी धरली ते एका ओळीत सांगा, नाहीतर शिक्षकांना दोन पुस्तकांत दोन उत्तरं मिळतील.

साम्य पाहायचं तर बागेतली पिवळी टर्नेरा, अल्मिफोलिया, सकाळी घ्या, दुपारी फूल मिटतं. पानाचा देठ पात्याला मिळतो तिथे दोन वाट्या: तेच प्रपिंड. फुलाचा देठ पानाच्या देठाशी जुळलेला असतो, त्यामुळे फूल पानावरच बसल्यासारखं दिसतं. पाच पुंकेसर, तीन किंजल, त्यांची टोकं मात्र ब्रशसारखी चिरलेली. किंजपुट आडवं कापा: एक कप्पा, भिंतीवर बीजकांच्या तीन रांगा. बोंड तीन शकलांनी फुटतं आणि बीला मांसल उपांग असतं, ज्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात. बीच्या कवचावर बारीक खळगे. आता पॅशन फ्रूटची बी धुऊन वाळवा आणि भिंगाखाली शेजारी ठेवा, तेच खळगे दिसतील. आपण खातो तो केशरी रस म्हणजे बीभोवतीची मांसल पिशवी, तिला एरिल म्हणतात. टर्नेरात तेच आवरण एका बाजूला उपांगाएवढं राहिलेलं आहे.

टर्नेराला ताणा नाही म्हणून अडायचं कारण नाही. खुद्द पॅसिफ्लोरातही अ‍ॅस्ट्रोफिया या उपप्रजातीत ताण्याशिवायची झाडं आणि झुडपं आहेत, लिंडेनियाना ही त्यातली चांगली वाढणारी वृक्षजात. ताणा हा मुळात फुलोऱ्याच्या देठाचा बदललेला अवतार आहे, म्हणून तो आणि फूल एकाच बगलेत शेजारी येतात. जिथे चढायची गरज नाही तिथे तो नाहीसा झालेला दिसतो.

आपल्याकडची खरी स्थानिक जात हवी असेल तर अ‍ॅडेनिया होंडाला घ्या. पश्चिम घाटातल्या जंगलांत मिळते. मोठी वेल, जमिनीत कंद, पान पंजासारखं चिरलेलं, ताणे बगलेतले, पात्याच्या बुडाशी प्रपिंड. पण फुलं हिरवट, अनाकर्षक आणि एकलिंगी. नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. फळ नारिंगी ते लाल, आणि ते मृदुफळ नसून तीन शकलांनी फुटणारं बोंड आहे. कृष्णकमळाच्या फुलावरून कुळाची व्याख्या बांधली तर ही बाहेर पडते. प्रपिंड, तीन किंजल, एककप्पी किंजपुट आणि खळग्यांची, मांसल आवरणाची बी अशी बांधली तर बरोबर आत येते.

---

सह्यवेल

होंडालाच्या नोंदीला एक इशारा जोडा. ते लाल फळ आकर्षक दिसतं आणि ते विषारी आहे. या कुळात सायनाइड सोडणारी ग्लायकोसाइडं सर्वत्र आहेत; पान चावलं किंवा चिरडलं की विकर (एन्झाइम) त्यांना फोडतं आणि विषारी वायू सुटतो. अ‍ॅडेनियात याहून वाईट प्रकार आहेत: आफ्रिकेतल्या अ‍ॅडेनिया डिजिटाटाच्या कंदात मोडेक्सिन नावाचं प्रथिन आहे, जे एरंडाच्या रिसिनसारखं पेशीतलं प्रथिन तयार होणं थांबवतं. मुलांच्या फेरीत 'चव घेऊन बघा' हा प्रकार या कुळापुरता बंद ठेवा. वेलघाणीचं पिवळंधमक पिकलेलं फळ खातात, पण हिरवं कधीच नाही.

औषधी काढ्याचंही तसंच. युरोपच्या औषधकोशात आहे ती इन्कार्नाटा. बागेतली वेल निव्वळ 'कृष्णकमळ' नावाने आणलेली असेल, तर ती सिरुलिया, संकर किंवा आणखी काही असू शकते. उपपर्णे आणि पानाची कड पाहिल्याशिवाय तिची पानं उकळू नयेत.

फुलपाखरं पाहणाऱ्यांना ही विषं उपयोगी पडतात. टॉनी कोस्टरच्या अळ्या वेलघाणीवर, पॅशन फ्रूटवर, होंडालावर वाढतात, आणि टर्नेरावरही. क्रूझर आणि तमिळ लेसविंग यांच्या अळ्यांना होंडाला लागते. टर्नेरा आणि कृष्णकमळ यांच्यात एकाच धाटणीची ग्लायकोसाइडं आहेत. वर्गीकरण करणाऱ्यांनी ते नातं रेणूंवरून दाखवलं, अळ्या पानाच्या चवीवरून तिथेच पोचतात. अमेरिकेतल्या काही पॅसिफ्लोरा जातींनी तर पानांवर किंवा उपपर्णांवर पिवळे ठिपके उभे केले आहेत, हेलिकोनियस फुलपाखराच्या अंड्यांसारखे. आधीच अंडी आहेत असं वाटून मादी पुढच्या वेलीकडे जाते.

---

कोकणबाग

फळाच्या प्रश्नाकडे येतो. आधी साल कोणत्या रंगाची ते विचारा. जांभळं पॅशन फ्रूट पहाटे-सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं आणि स्वतःच्या परागाने फळ धरू शकतं. पिवळं फुलतं दुपारी बाराएकच्या सुमारास आणि रात्री मिटतं, आणि त्याला स्वतःचा पराग चालत नाही. एका वेलीच्या फांद्या कापून चार कुंड्यांत लावल्या तरी ती एकच वेल समजायची, एकमेकींना पराग उपयोगी नाही. वेगवेगळ्या फळांच्या बियांपासून आलेल्या निदान दोन वेली एकाच वेळी फुलायला हव्यात.

मग कीटक. किंजल्कताईंनी सांगितलेलं झाकण आणि वर उंच टांगलेले परागकोश हे मोठ्या भुंग्याच्या मापाचं काम आहे. काळा लाकूडपोखऱ्या भुंगा मधासाठी खाली वाकला की पाठ वरच्या परागकोशांना घासते. सातेरी मधमाशी तोरणावर बसली तर तिची पाठ तिथपर्यंत पोचत नाही, ती सरळ परागकोशावर चढून पराग गोळा करून नेते. अशा वेली माश्यांनी गजबजलेल्या दिसतात आणि फळ मात्र लागत नाही. बागेच्या कडेला सुका ओंडका किंवा वाळलेला बांबू राहू द्या, भुंगे त्यात घर करतात. फुलण्याच्या वेळेत कीटकनाशक फवारू नका.

हाताने परागीकरण करायचं तर किंजलांकडे लक्ष ठेवा. फूल उमलतं तेव्हा तीनही किंजल ताठ वर असतात. थोड्या वेळाने ते खाली वाकतात आणि किंजल्क परागकोशांच्या पातळीला येतात. तेव्हा ब्रश फिरवायचा. पिवळ्यात काही फुलांचे किंजल अर्धवटच वाकतात, काहींचे अजिबात नाही. न वाकलेल्या फुलावर कष्ट घेऊ नका, ते व्यवहारात नर फूलच आहे. त्याचा पराग मात्र घ्या.

दुसऱ्या वेलीच्या फुलातून मऊ, कोरड्या ब्रशने पिवळा पराग उचला आणि तीनही किंजल्कांवर भरपूर लावा. आतल्या प्रत्येक बीजकाला स्वतंत्र परागकण लागतो. कमी पडले तर फळ लहान राहतं किंवा वरून भरलेलं आणि आत पोकळ निघतं, कारण बी नाही तिथे रसाची पिशवीही नाही. पराग ओला झाला की कण फुटतात, म्हणून पावसात उघड्यावर केलेलं काम वाया जातं. सर येण्याची चिन्हं असतील तर काम झाल्यावर फुलावर प्लास्टिकच्या कागदाची टोपी घाला आणि निदान दोन तास ठेवा.

---

पाऊलवाट

दुपारी उमलणारी पिवळी असावी असंच वर्णन वाचकांनी केलं होतं, आणि सगळ्यांकडची रोपं एकाच वेलीच्या कलमांची आहेत. छाटणीबद्दल एक विचारते. कळ्या कुठे येतात? जुनं खोड छाटलं तर फुलं जातील अशी धास्ती त्यांना आहे.

---

कोकणबाग

नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत, ताण्याच्या शेजारी एक कळी. जुन्या जाड खोडावर फुलं येत नाहीत. म्हणून छाटणीने फुलं जात नाहीत, उलट नवी फूट वाढते. मुख्य खोड आणि मांडवावरच्या दोन आडव्या फांद्या ठेवा, त्यांच्यापासून लोंबणाऱ्या फांद्या फळं उतरल्यावर दोनतीन पेरं राखून कापा. ऐन फुलोऱ्यात किंवा फळं भरत असताना कापू नका. आणि कलमांच्या जोडीला बियांची दोन रोपं आताच लावून टाका म्हणावं, ती फुलावर येईपर्यंत बाहेरच्या एखाद्या वेलीचा पराग आणूनही चालतो, फक्त त्याच दुपारी वापरायचा.